मैत्रिणीला पाहुणी करू नकोस

(पत्र बरंच मोठं होतं, थोडक्यात देतेय. नावं गाळलीत.)

"ताई, मी 38 वर्षांची, पुण्यात वाकडला राहते, नवरा आणि 9 वर्षांची मुलगी. माझं लहानपण सोलापूरला, पूर्व भागातल्या एका पेठेत. शेजारी पद्मशाली (विणकर समाजातलं) कुटुंब, त्यांच्या घरी तेलुगू, आमच्या घरी मराठी. त्यांची मुलगी आणि मी एका वर्गात. तिचे वडील मागावर, आई घरी विड्या वळायची, माझे आईबाबा दोघं नोकरीला. आम्ही दोघी फक्त झोपायला वेगळ्या घरात असायचो. 2006 ला त्यांना कुंभारीच्या विडी कामगार घरकुलात घर मिळालं, ते तिकडे गेले, मी शिकायला पुण्यात आले आणि संपलंच सगळं. ती अजून सोलापुरातच आहे, गारमेंटमध्ये शाळेचे युनिफॉर्म शिवते. व्हॉट्सअॅपवर गुड मॉर्निंग आणि वाढदिवसाचा केक एवढंच. मागच्या महिन्यात ती लग्नासाठी पुण्यात आली, मी हट्टानं घरी बोलावलं. सुट्टी टाकली, घर चकाचक केलं, पनीर, पुलाव, संध्याकाळी चांगल्या हॉटेलात नेलं, भारी साडी दिली. ती दिवसभर सोफ्याच्या कडेला पर्स मांडीवर घेऊन बसली होती. मला म्हणाली, 'थोडं पाणी मिळेल का?' ताई, ही मुलगी आमच्या माठात स्वतः ओगराळं बुडवून पाणी प्यायची. ती गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन रडले. नवरा म्हणतो लहानपणीच्या मैत्र्या लहानपणातच ठेवाव्यात. आणि माझ्या मुलीला तर अशी एकही मैत्रीण नाही, तिचं सगळं शेड्यूल आहे, स्विमिंग, अबॅकस, डान्स. माझं काय चुकलं? आणि लेकीला अशी मैत्रीण कुठून आणून देऊ?"
— सोलापूरची, सध्या वाकड

अगं सोलापूरकर बाई,

रडलीस ते बरं केलंस पण कारण चुकीचं धरून रडलीस असं मला वाटतं. तुला वाटतंय की मैत्री संपली आणि त्या पाण्याच्या वाक्यानं तुला ते कळलं. मला उलट वाटतं. तिनं पाणी मागितलं कारण तुझं स्वयंपाकघर कुठंय हेच तिला दिवसभरात कळलं नव्हतं. तू आत बाहेर करत होतीस, ट्रे आणत होतीस, ट्रे नेत होतीस, ती उठायला लागली की "अगं बस बस" म्हणत होतीस (तू लिहिलं नाहीयेस पण मी पैजेवर सांगते की म्हणालीस), मग ती बसली. बसवल्यावर माणूस पर्स मांडीवरच घेतो, दुसरं काय करणार.

आता तुझ्या पत्रातलं मी जे वर गाळलंय त्याच्याबद्दल बोलते, कारण उत्तर सगळं त्यातच आहे आणि ते तूच लिहिलंयस. पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, तेही कधी पहाटे कधी रात्री अकराला, शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतून यायचं पाणी आणि तुमच्या गल्लीत येईपर्यंत त्याचा जीव गेलेला असायचा, करंगळीएवढी धार. तुझी आई नोकरीला, त्यामुळे तिची अम्मा आधी तुमचं बॅरल भरून घ्यायची आणि मग स्वतःचं, आणि तुम्ही दोघी पाइप धरून उभ्या, एकीनं पाइप धरायचा एकीनं घागरी सरकवायच्या, आणि त्या तासा दीड तासात काय काय बोलायचात ते आता आठवत नाही असं तू लिहिलंयस. आठवणार कसं, त्यात आठवण्यासारखं काही नव्हतंच, ते नुसतं बोलणं होतं.

मग ते विड्यांचं. पानं भिजवलेली, अम्मा पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापतेय, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि तुम्ही दोघी शेजारी भिंतीला टेकून अभ्यास करताय. तू मराठीचा धडा मोठ्यानं वाचायचीस कारण अम्माला मराठी वाचता येत नव्हतं पण गोष्ट ऐकायला आवडायची, आणि गोष्ट संपली की ती मान वर न करता विचारायची "अन्नं तिन्नावा?" आणि तू जेवलेली असलीस तरी नाही म्हणायचीस. मला पूर्ण पत्रात सगळ्यात आवडलेली जागा ही. आणि दिवे गेले की गल्लीतले सगळे माग एकदम बंद पडायचे, ती खटखट थांबली की कानात कसंतरी व्हायचं आणि सगळी गल्ली बाहेर ओट्यावर यायची. लोडशेडिंगला शिव्या घालतच आपण मोठे झालो पण तुमच्या गल्लीतल्या पोरांना माग बंद म्हणजे सुट्टी आणि तिच्या वडिलांना माग बंद म्हणजे तेवढी मजुरी गेली, हे दोन्ही एकाच ओट्यावर बसलेलं असायचं.

नवरात्रातलंही लिहिलंयस. त्यांच्याकडे बतुकम्मा, म्हणजे पितृ अमावस्येपासूनच सुरू, फुलांची ती गोल गोल रचत नेलेली उतरंड, झेंडू बिंडू सगळं, आणि तिच्याभोवती बायका टाळ्या वाजवत फिरणार, आणि तुमच्याकडे घट बसले की हादगा, पाटावर हत्ती आणि त्याच्याभोवती पोरी फिरणार. तुम्ही दोघी दोन्हीकडे फिरायच्यात, एकीकडची गाणी अर्धवट यायची दुसरीकडची अर्धवट यायची, कुणाला काही फरक पडत नव्हता. खिरापत ओळखायच्या वेळी तुझी आई तिला आधीच हळूच सांगून ठेवायची म्हणून तू चिडायचीस. नारळी पौर्णिमेला पद्मशालींच्या मार्कंडेयाचा रथ बघायला तू त्यांच्या घरातली असल्यासारखी पुढं घुसायचीस. आणि संक्रांतीला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. गड्ड्याबद्दल तर तू पानभर लिहिलंयस, ते सात नंदीध्वज, पांढरे बाराबंदी घातलेले लोक, "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र", होम मैदानावरचे पाळणे, दोघींत मिळून एकच पाळण्याचं तिकीट आणि मग कोण बसणार यावरून भांडण.

भांडणाचं पण बघ. कंपासवरून तुमचं जोरात भांडण झालं होतं, कट्टी, बोलायचंच नाही. आणि मिटलं कसं? कुणी समजूत घातली नाही. संध्याकाळी तुझ्या आईनं शेंगाचटणीची वाटी हातात दिली आणि म्हणाली पलीकडे देऊन ये, आणि तू गेलीस, कारण वाटी द्यायला कुणीतरी जायलाच पाहिजे होतं. आणि दुसऱ्या दिवशी ती वाटी परत द्यायला ती आली, वाटीत पुळिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, कारण वाटी रिकामी परत द्यायची नसते. झालं, मिटलं.

तर आता मला सांग, एवढ्या सगळ्या पानांमध्ये तुम्ही दोघी एकमेकींना "भेटलात" असं कुठं आहे का? मी शोधलं, नाहीये. तुम्ही कधी भेटतच नव्हतात. पाणी भरत होतात, धडा वाचत होतात, वाटी पोचवत होतात, गिरणीवर ज्वारी टाकायला जात होतात, काहीतरी काम चालू होतं आणि ती शेजारी होती. तुमची मैत्री दोन घरांच्या कामाधंद्यात वाढली, दोन घरांच्या एकमेकांकडे मागण्यात वाढली. आणि आता तू तिला काय केलंस तर सुट्टी टाकून, काम बाजूला ठेवून, समोरासमोर बसवलंस, मागितलं काहीच नाहीस आणि वर साडी दिलीस. तुम्हा दोघींना आयुष्यात कधी न केलेली एकच गोष्ट तू करायला लावलीस, मग अवघडणार नाही तर काय होणार.

तू आयटीतली, तुला आकडा लागेल म्हणून सांगते. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल म्हणून एक आहेत, त्यांनी 2018 साली मोठ्या माणसांच्या मैत्रीवर अभ्यास केला होता की ओळखीचं माणूस मित्र व्हायला किती वेळ लागतो. साधारण 50 तास एकत्र गेले की जुजबी मैत्री, 90 च्या आसपास मित्र म्हणण्यासारखं, आणि जवळची मैत्री व्हायला 200 तासांच्या वर. तुम्ही दोघींनी हे 200 तास एका मे महिन्यात संपवले असणार, शाळेत जायच्या आधीच. मला हा आकडा दुसऱ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. एवढे तास कुणी "क्वालिटी टाइम" म्हणून घालवू शकत नाही, हॉटेलात समोरासमोर 200 तास बसलं तर घटस्फोट होईल. एवढे तास फक्त रोजच्या फालतू कामांच्या आडूनच जातात.

हा आता दुसरी बाजू. सगळंच सोनेरी करू नकोस, तुझ्या पत्राला तो वास येतोय थोडा. तू गेल्यावर तुला जे आठवतं ते हादगा आणि गड्डा, पण त्या घरात दिवसाला हजार विड्या वळायला बसलेली बाई होती, पाठ मोडून, तंबाखूची धूळ नाकात, आणि कारखान्यात नेल्यावर त्यातल्या किती खराब म्हणून बाजूला काढतील ते तिच्या हातात नाही. तुझ्यासाठी 2006 म्हणजे मैत्रीण गेली. अम्मासाठी 2006 म्हणजे भाड्याच्या एका खोलीतून सुटका आणि स्वतःचं पक्कं घर. गोदूताई परुळेकरांच्या नावाचं ते घरकुल, 10,000 घरं, कामगार नेते आडम मास्तरांच्या मागं लाल बावटा धरून या बायका किती वर्षं मोर्चे काढत होत्या तेव्हा ते उभं राहिलं, आणि पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते चाव्या द्यायला. तुझ्या शेजारच्या घरात त्या वर्षी दिवाळी आधीच आली असणार. तू पत्रात एवढंच लिहिलंस, "ते तिकडे गेले".

आणि इथं मी तुला जरा टोचणार आहे. तिकडे म्हणजे कुंभारी. अक्कलकोट रोडला, शहरातनं निघून तासाभरात पोचता येतं अशी जागा. तू पुण्याला जायच्या आधी आणि नंतर प्रत्येक सुट्टीत सोलापूरला आलीच असशील ना. तू त्या घरात कधी गेलीस का? पूर्ण पत्रात त्या घराचा रंग नाही, दार नाही, काही नाही. ज्या मुलीच्या जुन्या घरातल्या सुपाचं वर्णन तू करू शकतेस तिच्या नव्या घराबद्दल तुझ्याकडे एक ओळ नाहीये. म्हणजे मैत्रीण दूर गेली हे खरं, पण ती बारा-पंधरा किलोमीटरच गेली होती, बाकीचं अंतर पुण्याच्या दिशेनं पडलंय. रागावू नकोस. शिक्षण, नोकरी, लग्न, बाळंतपण यात कुणाचंही होतं. पण ती मागच्या महिन्यात तुझ्या घरी आली आणि तू तिच्या घरी अजून गेलेली नाहीस, एवढा हिशोब तिच्या डोक्यात नक्की असेल, बोलणार नाही ती.

बरं मग करायचं काय.

पहिलं म्हणजे तिच्याकडे काहीतरी माग. हो, माग. साडी देऊन तू घोळ करून ठेवलायस, कारण ती वाटी आहे आणि ती रिकामी परत देता येत नाही आणि तेवढं भारी काही तिला परवडत नाही, ती आता घरी बसून विचार करत असेल की याचं काय करायचं. तिचं ओझं उतरवायचा एकच मार्ग म्हणजे तिला तुझ्यासाठी काहीतरी करू दे, आणि ते खरंच तुला हवं असलेलं पाहिजे, नाटकी नको, तिला लगेच कळेल. मुलगी 9 वर्षांची आहे ना, वर्षभरात उंच झाली असेल, युनिफॉर्मचा स्कर्ट आखूड झाला असेल, दुमड उसवून खाली सोडायची असेल, तू ते बाहेर टेलरकडे टाकणार असशील. टाकू नकोस. तिला व्हिडिओ कॉल लाव आणि म्हण, ए हे कसं उसवू, खूण राहते का, परत कुठली टीप घालू. सोलापूर आता युनिफॉर्मसाठी सगळीकडे माहितीये, कुठल्या कुठल्या राज्यातल्या शाळांचे कपडे तिथं शिवले जातात, आणि तुझी मैत्रीण रोज तेच करते, या विषयात तू अडाणी आणि ती मास्टर. ती तुला आधी हसेल. मग ओरडेल की अगं अशी काय धरायलीस सुई. तिच्या तोंडून हे सोलापुरी "काय धरायलीस" एकदा आलं की माझं अर्धं काम झालं.

फक्त पैसे देऊन चार ड्रेस शिवून घेणं वगैरे आत्ताच सुरू करू नकोस, तुला वाटेल मदत होईल पण ती पीसवर काम करणारी बाई आहे, तू पण अजून एक ऑर्डर होशील. पुढं कधी ती स्वतः म्हणाली तर गोष्ट वेगळी, तेव्हा घासाघीस न करता पूर्ण पैसे दे.

दुसरं, फोन. वाढदिवसाचा केक बंद कर, तो ती उघडत पण नसेल. फोन काम करताना लाव. मटार सोलतेयस, चपात्या लाटतेयस, कपडे घड्या घालतेयस, फोन बरणीला टेकवून ठेव आणि लाव. "कशी आहेस" विचारायचंच नाही, त्याला "बरंय" सोडून उत्तर नसतं. "आज भाजी काय केलीस" विचार, "गारमेंटला किती वाजता सुटलीस" विचार. ती पण काही काम करत असेल तर बोलू नका, दोघी आपापलं करा, मध्येच कुकरची शिट्टी होऊ दे. हे विचित्र वाटेल पहिल्यांदा. माझ्या ओळखीत परदेशात राहणाऱ्या बऱ्याच लेकी आणि इकडच्या आया असं करतात, फोन चालू आणि दोघी आपापल्या ओट्याशी, अर्धा तास कुणी काही बोलत नाही आणि दोघींना बरं वाटतं. फक्त वेळ तिची बघ. ती दिवसभर मशीनवर असते, तुझ्यासारखं मीटिंगमधनं बाहेर येऊन बोलता येत नाही तिला.

तिसरं आणि खरं म्हणजे हेच, तू तिच्याकडे जा. आणि जाऊन राहा. तुझं माहेर सोलापुरात आहे की नाही ते पत्रावरून कळलं नाही, असलं तरी एक रात्र कुंभारीला राहा. लॉज नको, "आम्ही येऊन जाऊ तासाभरात" नको, तासाभराचं येऊन जाणं म्हणजे परत तेच ट्रे, फक्त या वेळी ट्रे तिच्या हातात. संक्रांतीला जा. अम्मा अजून सकिनालू करत असतील तर त्या आधी एक दिवस जा, ते तांदळाच्या पिठात तीळ ओवा घालून कापडावर बोटांनी वळत वळत गोल घालायचे असतात, एकटीचं काम नाही ते, बायका घोळक्यानं बसून करतात, तिथं तू आणि तुझी पोरगी दोघी बसा. तुमचे वेडेवाकडे होतील. होऊ देत, वेडेवाकडे तेवढेच चांगले लागतात. आणि जेवायला जे असेल ते खा, आणि तिनं काही दिलं, ब्लाउजपीस, शेंगाचटणी, अर्धा डझन टॉवेल, काहीही, तर "अगं कशाला" न म्हणता घे. तुझ्या बाजूनं हे सगळ्यात अवघड जाणार आहे, बघ तू. द्यायला आपल्याला बरं वाटतं, घ्यायला जड जातं, आणि तिनं त्या दिवशी तुझ्या सोफ्यावर दिवसभर तेच जड काम केलं.

तिथं गेल्यावर पाणी स्वतः उठून घे हे सांगायला नको.

तुझा नवरा म्हणतो ते पूर्ण चूक नाहीये. आठ वर्षांच्या दोन पोरींची जी मैत्री होती ती परत मिळणार नाही, ती मागूही नकोस, ती मुलगी आता 38 वर्षांची बाई आहे, तिचा संसार आहे, तिची मतं असतील, कदाचित तुला न आवडणारी. कदाचित दोनचार फोननंतर तुला कळेल की ही बाई तुला फार आवडत नाही, किंवा तिला तू. तेही होऊ शकतं आणि त्यात कुणाची चूक नसेल. पण सोफ्यावरच्या एका दिवसावरून ते ठरवू नका एवढंच माझं म्हणणं. नवऱ्याला सांग, बघते करून.

आता लेक.

"अशी मैत्रीण कुठून आणून देऊ" असं तू विचारलंस. आणून देता येत नाही, आणि मैत्रीण शोधायला लांब जायची गरजही नाही. 1950 मध्ये एक अभ्यास छापून आला होता, अमेरिकेत एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांसाठी वसाहत होती, तिथं लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बघितलं की कोणाची मैत्री कोणाशी होते. आवडीनिवडी, स्वभाव वगैरे सगळं बाजूला, मैत्री सगळ्यात जास्त लगतच्या दाराशी. एकाच मजल्यावर दोन दारं पलीकडे गेलं की कमी, अजून पुढं गेलं की अजून कमी. आणि ज्यांचं दार जिन्याजवळ त्यांची वरच्या मजल्यावरच्यांशी पण ओळख, कारण येता जाता तोंड दिसतं. तू आणि ती तरी काय, तुम्ही एकमेकींना निवडलं होतं का? भिंत एक होती.

त्यामुळे तुझ्या लेकीची मैत्रीण बहुतेक तुझ्याच मजल्यावर किंवा तुझ्याच लिफ्टमध्ये आहे. ती तिच्या शाळेतली नसेल, तिला अबॅकस येत नसेल, तिच्या घरी हिंदी बोलत असतील नाहीतर तमिळ, ती तुला थोडी आगाऊ वाटेल. चालेल. तुझ्या आईनं तेलुगू घरात पोरगी दिवसभर सोडताना काही विचार केला नव्हता. आपण आता मुलांच्या मैत्रिणी निवडतो, पालक कोण आहेत बघतो, मग शनिवारी चार ते सहा असं ठरवून गाडीनं सोडतो आणि गाडीनं आणतो, आणि मध्ये त्या घरातली आई पिझ्झा मागवते आणि क्राफ्टचं सामान काढून बसते. ती पण सोफा आणि ट्रेच आहे, फक्त लहान साइझची.

त्यापेक्षा एक दुपार मोकळी कर. काय काढायचं ते तू बघ, मी असते तर अबॅकस काढलं असतं, आणि हे माझं वैयक्तिक मत आहे त्यामुळे अबॅकसवाल्यांनी मला मेल करू नयेत. त्या दुपारी मजल्यावरची कुठली तरी पोरगी आली तर येऊ दे, आणि तू त्यांच्यासाठी काही करू नकोस. कंटाळतील. "आई बोर होतंय" म्हणतील, तर त्यांना काम दे. कपडे वाळलेत ते काढून आणा, घड्या घाला, लसूण सोला, खाली किराण्यातून दही आणा दोघी मिळून आणि सुट्टे पैसे नीट मोजून घ्या. आणि जेवायची वेळ झाली तर त्या पोरीला पण वाढ, जे केलंय ते, मेथी असेल तर मेथी. तिच्या आईला एक मेसेज टाक की इकडे जेवतेय, ॲलर्जी वगैरे आहे का तेवढं विचार, बस. पुढच्या वेळी तुला उशीर होणार असेल तर तिच्या आईला बिनधास्त सांग की माझी लेक तासभर तुमच्याकडे बसवा. तिला राग येणार नाही. तिला पण तुझ्याकडे कधीतरी हेच मागायचं असतं आणि कोण आधी मागणार म्हणून दोन्ही दारं बंद असतात, पूर्ण मजल्यावर प्रत्येक घरात एक बाई धावतेय आणि प्रत्येकीला वाटतंय शेजारणीला कशाला त्रास.

भांडल्या तर तू मध्ये पडू नकोस, आणि आयांच्या ग्रुपवर तर अजिबात लिहू नकोस. वाटी पाठव. खरंच, तुझी आई हुशार होती, किंवा तिला चटणी पोचवायचीच होती, काही का असेना.

आणि एक गोष्ट, लेकीला तुझ्या लहानपणाच्या गोष्टी सांगतेस ना, "आमच्या वेळी बघ कसं होतं" वाल्या, त्या थोड्या कमी कर. मुलांना त्यात आपल्याकडे काय नाही एवढंच ऐकू येतं. त्याऐवजी कुंभारीला घेऊन जा तिला, तिथं तिच्या वयाचं कुणी असलं तर त्यांचं ते बघतील, नसलं तर पिठात हात घालेल. फोन काढून घे म्हणत नाही मी, पीठ लागलेल्या हातानं फोन धरता येत नाही तेवढं पुरे.

तिकिटाचं मात्र लवकर बघ. हुतात्मा एक्सप्रेस संध्याकाळी पुण्याहून निघते आणि रात्री सोलापूरला सोडते, चारेक तास, पण गड्ड्याच्या दिवसांत ती मिळणं कठीण, आणि रिझर्व्हेशन आता 60 दिवस आधीच उघडतं, आधीसारखं 120 नाही, म्हणजे संक्रांतीसाठी नोव्हेंबरच्या मध्यावर बसायचं मोबाईल घेऊन. वंदे भारत पण आहे 2023 पासून, जरा महाग पडते. काहीच नाही मिळालं तर स्वारगेटहून एसटी, बायकांना अर्धं तिकीट आहे आणि लेकीचं तर अर्धंच. नवरा आला तर त्याचं पूर्ण पडेल, तेव्हा त्याला यायचंय का ते आधी विचारून घे.